थाप किती रुपयांची?

पोकर न खेळणाऱ्याला वाटतं, पानं भारी आली की मोठी पैज लावायची आणि बेताची असली की छोटी. कुणी खरंच असं खेळू लागला, तर त्याची पानं कुणाला बघावीच लागणार नाहीत. आकडा ऐकला की कळलं.

पैजेचा आकडा पानांचं वर्णन करण्यासाठी नसतोच. तो समोरच्याला सांगितलेला भाव असतो: माझी पानं बघायची आहेत ना, मग एवढे मोजा.

नो-लिमिट टेक्सस होल्डेमचा, म्हणजे हवी तेवढी पैज लावता येणाऱ्या पोकरचा, डाव घ्या. शेवटचं पान उघडलंय, मध्ये १०० रुपयांचा पॉट (आतापर्यंत जमलेली रक्कम) आहे आणि मी ५० लावले. तुम्ही ५० टाकून १५० जिंकू शकता. म्हणजे चार वेळांतून एकदा जरी जिंकलात तरी तुमचे पैसे फिटले. मी १०० लावले तर तुम्हाला तिनांतून एकदा जिंकावं लागेल. २०० लावले तर पाचांतून दोनदा.

आता माझ्या जागी येऊन बसा. समजा, माझ्याकडे एकतर हमखास जिंकणारी पानं आहेत, नाहीतर नुसती थाप (ब्लफ), म्हणजे पानं फुसकी आणि आव भारी पानांचा. ५० च्या पैजेत माझी चारांत एक थाप असेल, तर तुम्ही कॉल करा (तेवढेच पैसे टाकून पानं बघा) की पानं टाकून डाव सोडा, तुमचा हिशेब सारखाच. १०० च्या पैजेत तिनांत एक थाप चालते, २०० च्या पैजेत पाचांत दोन. म्हणजे पैज जितकी मोठी, तितक्या थापा जास्त! नवख्याला हे उफराटं वाटतं, पण गणित सरळ आहे: भाव चढला की गिऱ्हाईक बिचकतं.

गिऱ्हाईकाने बिचकावं तरी किती? माझ्या थापांनी आयता फायदा होऊ नये एवढं भान ठेवायचं, तर तुम्ही ५० ला तिनांतून दोनदा कॉल करायला हवा, १०० ला निम्म्या वेळा, २०० ला तिनांतून एकदाच. मग माझ्या जिंकणाऱ्या पानांना पॉटाव्यतिरिक्त सरासरी मिळतात ३३, ५० आणि ६७ रुपये. कॉल कमी होतात, कमाई तरी वाढते. पॉटाहून मोठी पैज लावण्यामागे हे गणित आहे.

मग दर वेळी समोरचे सगळे पैसे का ढकलू नयेत? कारण वरचा हिशेब ‘हुकमी नाहीतर थाप’ अशा पानांचा आहे. पानं मधल्या दर्जाची असतील आणि मी २०० लावले, तर माझ्याहून कमजोर सगळे पळ काढतात. थांबतात ते नेमके मला हरवणारे. अशा पानांना ३० रुपयांची पैज बरी. त्यातही एक मेख आहे. छोट्या पैजेत कधीमधी भारी पानंही मिसळावी लागतात, नाहीतर छोटा आकडाच चुगली करतो.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये थापेचं गणित मांडलं, तेव्हा त्यांच्या नमुन्यातल्या पोकरमध्ये पैजेचे दोनच आकडे होते, एक मोठा आणि एक लहान. ते शहाणपणाचंच होतं. दोघांच्या लिमिट होल्डेममध्ये पैजेची रक्कम ठरलेली असते आणि निर्णयाच्या जागा सुमारे १० चा १४वा घात इतक्या असतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये तो खेळ जवळपास पूर्ण सोडवला, म्हणजे जवळजवळ न हरणारी खेळी काढली. पत्ते तेच ठेवले आणि प्रत्येकाला २०,००० चिपा (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) देऊन हवी तेवढी पैज लावायची मुभा दिली, की तो आकडा जातो १० च्या १६१व्या घातावर. एवढा फुगवटा निव्वळ पैजेच्या रकमेचा! (आपल्या तीन पत्तीत पानं पाहिलेल्याची चाल चालू ब्लाइंडच्या (पानं न पाहता लावलेल्या रकमेच्या) दुप्पट ते चौपट एवढ्यातच बसवावी लागते. तिथे या कलेला वावच कमी.)

संगणकाने यावर काढलेली पळवाट म्हणजे थोडेच आकडे धरायचे आणि मधला आकडा आला की जवळच्यावर ढकलायचा. जुने प्रोग्रॅम तिथेच फसत. कार्नेगी मेलन विद्यापीठात नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी घडवलेला ‘लिब्रेटस’ हा प्रोग्रॅम डावातल्या पैजांच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत असं ढकलत नसे. समोरून अनपेक्षित रक्कम आली, की ती धरून पुढचा डाव तो जागच्या जागी नव्याने सोडवी. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत तो चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळला. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो अजूनही आकडे ढकलतो, तेव्हा विचित्र रकमांनी त्याला गाठता येईल, असं चौघांना वाटलं आणि त्यांनी मिळून फटी शोधल्या. पण खेळाडू कोणत्या रकमा जास्त लावतात हे पाहून सुपरकॉम्प्युटर रात्री त्यांचीच उत्तरं काढून ठेवी. २० दिवसांनी लिब्रेटस १७,६६,२५० डॉलर किमतीच्या चिपांनी पुढे होता.

छोट्या पॉटात कित्येक पट मोठी पैज लावून तो खेळाडूंना बराच वेळ विचारात पाडी. त्या पैजांमध्ये थापाही होत्या, हिशेबात बसतील तेवढ्याच.