अचूकतेची टक्केवारी आणि हाइडके स्कोअर

सौर वादळाचा वीज ग्रिडवर काय परिणाम होईल हे सांगणारं एखादं मॉडेल ‘९८ टक्के अचूक’ असल्याचा दावा कानावर आला, तर आधी विचारावं: प्रत्यक्ष वादळ आलं तेव्हा ते काय म्हणालं होतं?

कारण अशी वादळं विरळ असतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेकचं ग्रिड सुमारे दीड मिनिटात कोसळलं, आणि साठेक लाख लोकांची वीज गेली. पण असे दिवस किती? बाकी सगळा काळ शांत असतो आणि टक्केवारी त्या शांततेवरच फुगते.

सौर वादळाच्या वेळी लांब तारांमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरणारा नको असलेला प्रवाह मुख्यतः जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र किती झपाट्यानं बदलतं यावर ठरतो. म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडून, तो वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला का, एवढंच तपासायची पद्धत आहे. समजा, असे १००० तुकडे आहेत आणि त्यातले २० धोक्याचे. कायम ‘धोका नाही’ म्हणणारं मॉडेल ९८ टक्के बरोबर ठरेल. दुसऱ्यानं २० पैकी १५ पकडले, पण ३० वेळा उगाच घंटा वाजवली, तर त्याला ९६.५ टक्के. म्हणजे बिनकामाचं वरचढ!

हाइडके स्कोअर, म्हणजे अंदाज किती कामाचे हे मोजणारा आकडा, इथेच वेगळा पडतो. निव्वळ योगायोगानं जितकी उत्तरं बरोबर आली असती, तितकी तो आधीच वजा करतो. शून्य म्हणजे योगायोगाइतकंच, १ म्हणजे निर्दोष, उणे म्हणजे त्याहूनही वाईट. पहिल्याला शून्य मिळतो, दुसऱ्याला सुमारे ०.४५. अमेरिकेच्या अंतराळ हवामान केंद्रासाठी मॉडेलांची जी तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हा स्कोअर होता. शिवाय शांत दिवस न घेता सहा वादळंच निवडली होती. माझ्या मते ही निवडही स्कोअरइतकीच महत्त्वाची.

मात्र स्कोअरवरही डोळे मिटून विसंबू नये. तिसरं मॉडेल पाचच धोके पकडतं, पण खोटी घंटा एकदाही वाजवत नाही. त्याचा स्कोअर ०.४०, म्हणजे दुसऱ्याच्या अगदी जवळ. ग्रिड चालवणाऱ्याला मात्र हे दोघं सारखे नाहीत. खोट्या इशाऱ्यात काही काळ भार कमी करावा लागतो किंवा दुरुस्तीचं काम पुढे ढकलावं लागतं; हुकलेल्या इशाऱ्यात ट्रान्सफॉर्मरच निकामी होऊ शकतो. म्हणून स्कोअरशेजारी किती धोके पकडले आणि किती इशारे खोटे निघाले, हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत.