घरच्या स्ट्रीमिंगसाठी व्हिडिओ आधीच कन्व्हर्ट करून ठेवणं

घरातल्या हार्ड डिस्कवर जमलेले व्हिडिओ टीव्ही, मोबाईल, टॅबलेट यांना न अडखळता चालवता येतील अशा स्वरूपात अगोदरच, सवडीने बदलून ठेवायच्या पद्धतीला प्री-ट्रान्सकोडिंग म्हणतात. दुसरा मार्ग ऐनवेळी बदलण्याचा, म्हणजे कोणी प्ले दाबलं की सर्व्हर (व्हिडिओ पुरवणारा घरातला कॉम्प्युटर) तिथल्या तिथे फाईल उलगडतो, नव्याने एन्कोड करतो म्हणजे दुसऱ्या पद्धतीने आवळतो, आणि तुकड्या-तुकड्याने टीव्हीकडे पाठवतो. प्लेक्स, जेलीफिन ही घरच्या स्ट्रीमिंगची दोन्ही सॉफ्टवेअर हे करतात, आणि मशीनमध्ये एन्कोडिंगचं खास हार्डवेअर, म्हणजे इंटेलचं क्विक सिंक किंवा एनव्हिडियाचं एनव्हीएन्क, असेल तर बऱ्यापैकी करतात, पण घरात सर्व्हर म्हणून जे बसवलेलं असतं ते बहुधा बाजूला टाकलेला लॅपटॉप, स्वस्तातलं नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर, आणि २०२३ च्या पाय ५ मध्ये तर व्हिडिओचा हार्डवेअर एन्कोडरच नाही. राउटरच्या यूएसबीला डिस्क लावली की जो मिनीडीएलएनए हा साधा सर्व्हर-प्रोग्रॅम चालतो तो तर काहीच बदलत नाही, आहे तशी फाईल टीव्हीच्या हवाली करतो, पुढे टीव्हीचं नशीब. म्हणून रात्री सगळे झोपले की कन्व्हर्टला लावून ठेवायचं.

पण सगळंच कन्व्हर्ट करायचं नसतं, आणि इथेच लोक रात्रीच्या रात्री फुकट घालवतात.

अडतं कुठे

एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय हा फक्त बाहेरचा डबा. आत व्हिडिओ वेगळा, ऑडिओ वेगळा, सबटायटल वेगळे, आणि प्रत्येकाचा कोडेक (डेटा आवळण्या-उलगडण्याची पद्धत) वेगळा असू शकतो. एच.२६४ हा २००३ चा कोडेक आज जवळजवळ सगळीकडे चालतो. एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी २०१३ चा, तोच दर्जा साधारण निम्म्या बिटरेटमध्ये (सेकंदाला लागणाऱ्या डेटात) द्यायचा म्हणून आला, पण जुन्या टीव्हीला आणि २०१३ च्या पहिल्या क्रोमकास्टला तो कळत नाही. २०१८ चा एव्ही१ अजून नवीन टीव्हींपुरताच धरा. टीव्हीवर "फॉरमॅट सपोर्टेड नाही" आलं की आपण सरळ व्हिडिओलाच दोष देतो, पण पुष्कळदा व्हिडिओ ठीक असतो आणि ऑडिओ डीटीएस या कोडेकमध्ये असतो. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून डीटीएस काढून टाकलं, त्यामुळे चित्र दिसतंय आणि आवाज नाही असा प्रकार होतो. अशा वेळी व्हिडिओला हात न लावता फक्त ऑडिओ एएसी किंवा एसी३ मध्ये बदलायचा, काम काही मिनिटांत होतं. टीव्हीला डबाच पसंत नसेल तर आतलं सगळं तसंच उचलून एमकेव्हीतून एमपी४ मध्ये टाकायचं, याला रीमक्स म्हणतात, यात दर्जा तिळभरही कमी होत नाही कारण नवीन एन्कोड काही होतच नाही.

सबटायटलचं दुखणं वेगळं. एसआरटी म्हणजे साधा मजकूर, तो टीव्ही स्वतः दाखवतो. ब्लू-रेचे पीजीएस सबटायटल मात्र चित्रं असतात, टीव्हीला ती कळली नाहीत तर सर्व्हर ती व्हिडिओवर छापायला घेतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा लागतो. चांगला एच.२६४ असूनही सबटायटल लावले की गोल चक्र फिरायला लागतं त्याचं कारण हे. एसआरटी वेगळी करून शेजारी ठेवली की प्रश्न मिटतो. आणखी एक गुन्हेगार म्हणजे १०-बिट (रंगांच्या जास्त बारीक छटांचा) एच.२६४, जपानी ॲनिमेवाल्यांचा लाडका, पण बहुतेक हार्डवेअर डिकोडर फक्त ८-बिटच उघडतात, त्याला मात्र पूर्ण कन्व्हर्टशिवाय इलाज नाही.

तेव्हा आधी मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडून आत काय आहे ते बघायचं, मग ठरवायचं. कन्व्हर्ट करणारा हॅण्डब्रेक हा प्रोग्रॅम वापरायला सोपा आहे, फुकट आहे, पण तो व्हिडिओ जसाच्या तसा ठेवूच शकत नाही, दरवेळी नव्याने एन्कोड करतो, म्हणजे नुसता डबा बदलायचा असेल तरी तुमचे दोन तास आणि थोडा दर्जा गेलाच. अशा कामाला २००० साली सुरू झालेला एफएफएमपेग बरा, कमांड लिहायचा कंटाळा येतो हे खरं पण एकदा लिहून ठेवली की तीच फिरवायची.

पूर्ण एन्कोड करायचाच तर दर्जा सीआरएफ या आकड्याने ठरतो, एच.२६४ करणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये ८-बिटला ० ते ५१, डिफॉल्ट २३, आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. एच.२६५ वाल्या एक्स२६५ चं डिफॉल्ट २८ आहे, दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत. पण नुसता सीआरएफ ठेवला की मिरवणूक, पाऊस, समुद्राच्या लाटा अशा सीनला बिटरेट एकदम उसळतो आणि वायफाय तिथेच मान टाकतं, म्हणून जोडीला वरची मर्यादा घालायची, १०८० ला ६ ते ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरते. एमपी४ असेल तर फास्टस्टार्ट चालू ठेवायचं, म्हणजे फाईलची अनुक्रमणिका शेवटी न राहता सुरुवातीला येते आणि प्ले दाबल्यावर वाट बघावी लागत नाही.

भिंती, लाईट आणि पाऊस

गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि बारा महिने वायफाय अडवतात. राउटर सोप्यावर आणि टीव्ही आतल्या खोलीत असला की ५ गिगाहर्ट्झ पोचता पोचत नाही, २.४ वर पोचतं पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरशी भांडत. पूर्ण ब्लू-रेची फाईल ३०-४० एमबीपीएसला जाते ती अशा जोडणीवर चालणं कठीण, ५ एमबीपीएसची आरामात चालते. शक्य असेल तर केबल ओढावी, फक्त हे ध्यानात ठेवा की पुष्कळ टीव्हींचा, ४के असला तरी, लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो.

दुसरं म्हणजे लाईट. जून-जुलैत एखादी फांदी तारेवर पडली की गेली, आणि स्लो प्रिसेटवर (सावकाश चालणाऱ्या तयार सेटिंगवर) रात्रभर चाललेलं एन्कोडिंग मध्येच तुटलं तर एमपी४ उघडतच नाही, कारण ती अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, फास्टस्टार्ट ती त्यानंतरच पुढे आणतं. एमकेव्हीत झालं तेवढं तरी शाबूत राहतं. म्हणून पावसाळ्यात आधी एमकेव्हीत काढायचं आणि सगळं संपल्यावर एमपी४ मध्ये रीमक्स करायचं. इन्व्हर्टरवर डेस्कटॉप रात्रभर चालेल अशी आशा ठेवू नये, लॅपटॉपला निदान त्याची बॅटरी तरी असते.

जत्रेचं नाटक

आता खरा मुद्दा. इकडच्या घरांत ज्यांना पूर्ण कन्व्हर्टची गरज पडते त्यात सिनेमे कमी आणि घरचा माल जास्त. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे देवळाच्या उत्सवाला गावच्याच माणसांनी मराठी नाटक उभं करायची रीत जुनी, आणि व्हिडिओवाल्याने त्याच्या दिलेल्या डीव्हीडी कपाटात पडलेल्या असतात. डीव्हीडीत एमपेग-२ व्हिडिओ असतो, आपल्याकडच्या पाल पद्धतीचा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, बहुधा इंटरलेस्ड (फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत विभागलेली), आणि तो जास्तीत जास्त १ जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत चिरलेला. तुकडे तसेच सर्व्हरवर टाकले तर ऐन नाट्यपदाच्या तानेला फाईल संपते. आधी ते जोडायचे, मग डीइंटरलेस करायचं, नाहीतर पात्र हललं की कडांना आडव्या रेघा दिसतात. पाल डीव्हीडीचे पिक्सेल चौकोनी नसतात, काही प्लेअर तिकडे लक्ष देत नाहीत आणि मग राजा हडकुळा किंवा फुगलेला दिसतो, म्हणून ४:३ चं चित्र सरळ ७६८ बाय ५७६ करून टाकलेलं बरं. ते ताणून १०८० करण्यात काही अर्थ नाही, फाईल फुगते, नवीन तपशील येत नाही.

रंगमंचाचा अंधार आणि लाल-निळे दिवे ही एन्कोडरची कठीण परीक्षा. अंधारात कॅमेऱ्याचे दाणे उडतात, एन्कोडर त्यांच्यावर बिटरेट उधळतो, आणि बिटरेट तोडला की पडद्यावर पट्टे दिसायला लागतात. सीआरएफ १८-१९ आणि हलका डीनॉइज (दाणे पुसणं), एवढ्यावर बहुतेक नाटकं नीट निघतात. आवाजात मात्र कंजुषी नको, संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला ऐकायलाच लोक बसतात. मूळ ऑडिओ एसी३ असेल तर तोच कॉपी करावा, नसेल तर एएसी १९२ केबीपीएस.

व्हीएचएस असेल तर घाई करा, आपल्या दमट हवेत टेपला बुरशी येते, आणि तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर मशीनचं हेडही खराब होतं, आधी साफ करून घ्यावी. मोबाईलवरच्या चवथीच्या आरत्यांचं वेगळं, आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत रेकॉर्ड करतो, शिवाय फ्रेमरेट कमीजास्त होत असतो, आणि व्हिडिओ उभा आहे ही माहिती नुसती एका खुणेत लिहिलेली असते, टीव्हीने ती वाचली नाही तर गणपती आडवा. एन्कोड करताना चित्रच फिरवून घ्यायचं आणि फ्रेमरेट ठरावीक करायचा. मूळ फाईल मात्र पुसू नये, दहा वर्षांनी नवा कोडेक आला की कन्व्हर्ट केलेल्यावरून परत कन्व्हर्ट करणं म्हणजे दर्जाची दुहेरी कापाकापी.

विकत घेतलेल्या डिस्कचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी वापराला काही सूट देतं, पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हे कॉपी रोखणारं कुलूप तोडण्याबद्दल आहे, दोन्ही एकत्र वाचावीत. गावच्या नाटकाला कुलूप नसतं, तरी ते उघड कुठे टाकण्याआधी मंडळाला विचारावं.

याच कामाची आणखी एक शाखा म्हणजे बोटीवर न्यायची डिस्क. जहाजावर कामाला असलेल्यांच्या घरी सुट्टी संपत आली की हार्ड डिस्क भरण्याचं काम निघतं, कारण समुद्रात इंटरनेट मोजूनमापून. केबिनमधला टीव्ही कुठला असेल सांगता येत नाही, म्हणून ८-बिट एच.२६४, एएसी स्टिरिओ आणि एमपी४ यापलीकडे जाऊ नये, सबटायटल एसआरटी. डिस्कचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर एक फाईल ४ जीबीच्या वर चढतच नाही, दोन तासांचा सिनेमा ४ एमबीपीएसने केला तर ३.६ जीबीत बसतो.