यकृत कर्करोग : किरण व उष्णता यांचा ऊतींवरील एकत्रित परिणाम

यकृतातील गाठीवर किरणोपचार आणि उष्णता जोडीने वापरल्यावर गाठीत व लगतच्या निरोगी यकृतात होणारे बदल. उष्णता दोन तऱ्हांची. ४० ते ४३ अंश सेल्सिअसची मंद ऊब किरणांनी तुटलेला डीएनए पेशीला सांधू देत नाही. प्राणवायू कमी मिळाल्याने किरणांना दाद न देणाऱ्या पेशीही तिला बळी पडतात. मात्र एकदा तापलेली पेशी दोन-तीन दिवस उष्णतेला निबर होते, म्हणून दोन सत्रांत अंतर ठेवतात. दुसरी तऱ्हा म्हणजे सुई घालून रेडिओलहरींनी गाठ जाळणे. तिथे ६० अंशांपुढे प्रथिने पाहता पाहता गोठतात. तव्यावर पडताच कलेजीचा जांभळट तांबडा रंग जाऊन ती करडी, घट्ट होते, तोच हा प्रकार.

सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध मृत भाग दिसतो. पेशींची बाह्यरेषा काही दिवस ओळखू येते, आत जीव नसतो. भोवती रक्ताळलेली, सुजेची कड. पुढे तिथे तंतूंचे वेष्टन तयार होते. खरी मेख या कडेला आहे. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते (पातेल्यात पाणी आहे तोवर बूड करपत नाही, तसे) आणि अर्धवट तापलेल्या पेशी तगतात. किरणांची जोड लागते ती यांच्यासाठी.

किरणांची इजा उशिरा उघडते. यकृतखंडिकांच्या (यकृत ज्या सूक्ष्म भागांचे बनलेले असते त्यांच्या) मध्यवर्ती शिरा तुंबतात, लगतच्या पेशी सुकतात. संपूर्ण यकृताला नेहमीप्रमाणे रोज थोडीथोडी करत एकूण ३० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) जास्त मात्रा गेली की धोका झपाट्याने वाढतो. सिरोसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) असेल तर त्याहून कमी मात्राही बाधते. लक्षणे साधारण २ आठवडे ते ४ महिन्यांनी येतात. परळ किंवा खारघरला उपचार घेतलेला माणूस तोवर गुहागर-देवगडला घरी परतलेला असतो. पोटात पाणी होते, वजन वाढते, उजव्या बरगडीखाली जड वाटते, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) चढते. पण ठरीव चित्रात कावीळ नसते. ‘डोळे पिवळे नाहीत ना, मग झालं’ हा घरोघरचा निकष इथे फसवतो. सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्यांत मात्र कावीळ दिसू शकते.

यावर नेमके औषध नाही; लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात, गरज पडल्यास पोटातले पाणी काढतात. डिस्चार्ज कार्डावर यकृताला मिळालेली सरासरी मात्रा आणि शेवटच्या किरणांची तारीख लिहिलेली असली, तर तालुक्याच्या डॉक्टरांचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.