एका धुनेचा सांगाडा

‘मिस मॅक्लाऊड्स रील’ ही रील, म्हणजे नाचाची जलद धून, आयर्लंडमधील फिडलवादकांच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनवादकांच्या) नित्य वाजवण्यातली असली, तरी तिचे माहेर बहुधा स्कॉटलंड असावे. एडिंबरोच्या गौ या वादक-प्रकाशक घराण्याने १८०९ मध्ये काढलेल्या संग्रहात ती ‘रासेच्या मिसेस मॅक्लाऊड’ या नावाने सापडते (रासे हे स्कायशेजारचे बेट), आणि ही स्काय बेटावरची अस्सल रील आहे, अशी नोंदही तेथे आहे. अर्थात छापील साल हे धुनेचे जन्मसाल नसते. पुढे ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली, तेव्हा तिला शब्द चिकटले आणि ‘हॉप लाइट लेडीज’ व ‘अंकल जो’ अशी नवी नावे मिळाली.

नावे आणि वळणे इतकी बदलूनही धून ओळखू येते, ती कशामुळे? आयर्लंडमध्ये ती सहसा ‘जी’ स्वरात वाजते. त्याला षड्ज मानल्यास सुरुवात अशी होते : सा – ग सा, प सा ग सा. ग – ग रे, ग म ग रे. आठ मात्रांच्या प्रत्येक गटात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर आघात असतो. म्हणजे येथे सा, प, ग, ग हे आघाती स्वर. लांबवलेल्या षड्जाच्या जागी कोणी ‘रोल’ नावाची झपाट्याची गिरकी घेतो, कोणी अधले स्वर फिरवतो. हे चार खांब मात्र सहसा हलत नाहीत.

संगीत-अभ्यासक पॅट्रिक सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी व जपानी लोकगीतांच्या दहा हजारांहून अधिक चाली तपासल्या, आणि जनुकांचे अनुक्रम जुळवण्याची पद्धत वापरून त्यांतली रूपांतरे ताडून पाहिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार लयीत महत्त्वाच्या जागी असलेले स्वर कमी बदलतात, आणि स्वर बदललाच तर बहुधा शेजारचा स्वर त्याची जागा घेतो. तो अभ्यास गीतांचा होता. तरी वादकांचा अनुभव याहून वेगळा नसावा.

काही बदल वाद्यच घडवते. स्कॉटिश बॅगपाइपवर अवघे नऊ स्वर निघतात आणि षड्जाखाली एकच स्वर असतो, त्यामुळे फिडल जेथे खर्जात उतरू शकते, तेथे पाइपवादकाला दुसरे वळण शोधावे लागते.

शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १,८५० आयरिश धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला (पोलिसी चिकाटी अशीही कामी येते!). एवढ्या साठ्यात केवळ नावावरून भावंडे शोधणे अशक्यच. म्हणून पुढे ब्रेंडन ब्रानॉख या संग्राहकाने धुनेच्या आरंभीचे आघाती स्वर अंकांत लिहून त्यांच्या आधारे सूची केली.