दहावीचे वाढीव कलागुण: प्रमाणपत्र असूनही गुण का हुकतात

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या ऑफिसात काही पालक हमखास येतात. मुलीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी होती, मग दहावीच्या गुणपत्रिकेत त्याचे वाढीव गुण का नाहीत, असं विचारतात. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. प्रमाणपत्र घरच्या कपाटात राहिलं आणि गुणांचा प्रस्ताव दहावीची परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे गेलाच नाही. हे गुण आपोआप मिळत नाहीत. विद्यार्थ्याने शाळेकडे अर्ज करायचा आणि शाळेने त्याचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवायचा, तेव्हाच ते लागतात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या शाळांसाठी हे काम कोल्हापूर विभागीय मंडळ पाहतं.

आधी गुण किती ते पाहू. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर ७, ब असेल तर ५ आणि क असेल तर ३ गुण मिळतात. पूर्वी अ श्रेणीला १५ गुण होते. मोठ्या भावंडाच्या आठवणीवर विसंबून कुणी तेवढे धरून चालू नये. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १० आणि पाच असतील तर १५ गुण. लोककलेत २५ प्रयोगांना ५ आणि ५० प्रयोगांना १० गुण आहेत. पाचशेपैकी १५ म्हणजे तीन टक्के. अकरावीच्या गुणवत्ता यादीत तीन टक्क्यांनी कॉलेज बदलतं.

चित्रकलेतला सर्वात मोठा गैरसमज एलिमेंटरीचा आहे. एलिमेंटरीला गुण नाहीत. ती इंटरमिजिएटकडे जायची पायरी आहे, तिथे अ श्रेणी असली तरी दहावीच्या बेरजेत एकही गुण वाढत नाही. म्हणून दहावीत आल्यावर एलिमेंटरीला बसून उपयोग नाही. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट हा सगळ्यात सुरक्षित हिशेब. रेखाकलेचे फॉर्म शाळेमार्फत भरले जातात आणि वर्ष सुरू झाल्यावर फार वेळ हातात नसतो. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या अनेक शाळांत कलाशिक्षकच नाही, त्यामुळे फॉर्मची आठवणसुद्धा कुणी करत नाही. तिथल्या पालकांनी जूनमध्येच मुख्याध्यापकांना विचारावं, जवळचं परीक्षा केंद्र कोणतं आणि आमच्या मुलांचे फॉर्म कोण भरणार. मुलाच्या हातात कला असूनही शाळेत शिक्षक नाही म्हणून सात गुण जावेत, हा सरळ अन्याय आहे. तो टाळण्यासाठी सध्या तरी पालकांनाच विचारत राहावं लागतं.

गाणं, तबला, कथ्थक, भरतनाट्यम शिकणाऱ्यांची अडचण वेगळी. आपल्या भागातली बहुतेक मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण या तीन झाल्या की १० गुणांची पात्रता होते. मध्यमा प्रथम आणि मध्यमा पूर्ण धरून पाच झाल्या की १५ गुणांची. वर्षाला एक परीक्षा धरली तर पाचवीपासून सुरुवात हवी. आठवीत तबला लावून दहावीत १५ गुण मागता येत नाहीत, हे क्लासवाल्यांनीही प्रवेश देतानाच स्पष्ट सांगायला हवं.

प्रस्ताव अडकतो तो सगळ्यात जुन्या कागदावर. मध्यमाचं प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं, प्रारंभिकचं कुठे गेलं ते कुणालाच माहीत नसतं. ते मूल लहान असताना मिळालेलं असतं, घर बदललेलं असतं, पहिला क्लास सुटलेला असतो. शेवटची परीक्षा पास आहे म्हणजे आधीच्या झाल्याच असणार, हे तुम्हाला-मला पटतं, पण तपासणाऱ्याला प्रत्येक परीक्षेचा कागद हवा असतो. दुय्यम प्रत काढायला वेळ लागतो, म्हणून नववीच्या मे महिन्यातच सगळी प्रमाणपत्रं एका फाइलला लावा. दुसरी गोष्ट, संस्था शासनाने मान्य केलेली हवी. क्लासने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र, गणेशोत्सवातल्या स्पर्धेची ढाल, ऑनलाइन स्पर्धेचं बक्षीस यांचं कौतुक जरूर करा, पण प्रस्तावात त्यांचा उपयोग नाही.

लोककलेत तर कागदच कुणाकडे नसतो. शाहिराच्या मागे झील धरणारा, म्हणजे ध्रुपद उचलून म्हणणारा, भारुडात सोंग काढणारा मुलगा गावोगाव फिरलेला असतो, पण त्याच्या प्रयोगांची नोंद कुणी ठेवलेली नसते. जत्रेत मिळालेला नारळ आणि टॉवेल पुरावा म्हणून चालत नाहीत. पथकाची संस्था मान्यताप्राप्त आहे का ते आधी विचारा. असेल तर सहावी-सातवीपासून वही घाला: तारीख, गाव, कार्यक्रम, आयोजकाची सही आणि शिक्का. ५० सह्या दहावीच्या डिसेंबरात गोळा होत नाहीत. ही अट घालताना गावातली कला कशी चालते याचा विचार झालेला दिसत नाही. पण अट आहे तोवर वही हवीच.

सगळ्यांना समान छळणारा मुद्दा नावाचा. शाळेच्या जनरल रजिस्टरला असलेलं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. रजिस्टरला वडिलांचं नाव ‘बाळासाहेब’ आणि गांधर्वच्या फॉर्मवर ‘बाळासो’ असेल तर शंका निघते. आपल्याकडे ‘सो’ आणि ‘साहेब’ सर्रास अदलाबदल होतात, म्हणून कोणत्याही परीक्षेचा फॉर्म भरताना रजिस्टरवरचं नाव समोर ठेवूनच भरा. चूक प्रमाणपत्रावर असेल तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून दुरुस्त करून घ्या. रजिस्टरमध्येच चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ते काम कितीतरी अवघड होतं. मंडळाची प्रीलिस्ट, म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या माहितीची तपासणी यादी, सहीसाठी येते तेव्हा मुलं न वाचताच सही करतात. तिथे दोन मिनिटं द्या.

प्रस्तावाला विहित नमुन्यातला अर्ज, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती आणि मंडळाचं शुल्क लागतं. मूळ प्रमाणपत्रं फक्त पडताळणीला दाखवायची, ऑफिसात ठेवून यायची नाहीत.

मुदतीबाबत गफलत होते ती अशी. वर्तमानपत्रात येते ती बहुधा शाळांनी मंडळाकडे प्रस्ताव देण्याची तारीख. शाळेत अर्ज त्याच्या बराच आधी पोचायला हवा, कारण क्लार्कला यादी करायची असते, सह्या घ्यायच्या असतात. मागच्या वर्षी मुदतवाढ मिळाली म्हणून यंदाही मिळेल, या भरवशावर राहू नका. ऑफिसातल्या क्लार्कवर राग काढूनही उपयोग नाही. अनेक शाळांत शिक्षकेतर पदं रिकामी आहेत आणि शिष्यवृत्ती, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), बोर्डाचे फॉर्म, दाखले हे सगळं एकाच टेबलावर येतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, कुणी तसं म्हटलं तरी शांतपणे मागा.

व्यवसाय शिक्षणाच्या वर्गातली मुलं इथे हटकून गोंधळतात. ऑटोमोटिव्ह, ब्युटी अँड वेलनेस, मल्टी स्किल यांसारखा विषय नववीला घेतला असेल तर तो दहावीचा नियमित विषय आहे. त्याचे लेखी-प्रात्यक्षिक गुण गुणपत्रिकेत असतातच, त्यासाठी वेगळा वाढीव गुणांचा प्रस्ताव नाही. बाहेर केलेला संगणक किंवा शिवणाचा कोर्स कलागुणांत मोडत नाही. मात्र या वर्गातल्या मुलाने इंटरमिजिएट दिली असेल तर त्याचे गुण त्यालाही मिळतात. ‘तू टेक्निकलचा, तुला नाही’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका.

इतकं करूनही निकालात गुण दिसले नाहीत, तर त्याच आठवड्यात पोच आणि प्रमाणपत्राची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. मंडळाशी पत्रव्यवहार शाळेनेच करायचा असतो. पालक थेट मंडळात गेले तर त्यांना परत शाळेतच पाठवलं जातं, आणि तोवर अकरावीची पहिली यादी लागलेली असते. शाळेने मंडळाकडे पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांकही मागून घ्या.