एआयओएस किंवा एमओएसचा मेंबरशिप फॉर्म भरताय? सरांची सही घ्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार डॉक्टर,

ऑप्थॅलचे म्हणजे डोळ्यांच्या विभागाचे रेसिडेंट आमच्या दुकानात थीसिसच्या प्रिंट आणि बाइंडिंगला येतात, पास झाले की तेच परत डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सोसायटीच्या मेंबरशिपचा फॉर्म घेऊन येतात, आणि गेली काही वर्षं एकच गोष्ट वारंवार होतेय म्हणून हा कागद काउंटरवर ठेवलाय. घरचे कुणी फॉर्म घेऊन येणार असतील (डॉक्टर ड्युटीवर असतात त्यामुळे बऱ्याचदा आई-बाबाच येतात) तर त्यांनाही वाचायला द्या.

आधी थोडक्यात. गावातली लोकल सोसायटी वेगळी, एमओएस म्हणजे महाराष्ट्र ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी वेगळी आणि एआयओएस म्हणजे ऑल इंडिया ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी, अखिल भारतीय, १९३० साली सुरू झालेली, ऑफिस दिल्लीला. रेटिनावाल्यांची (डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांची) व्हीआरएसआय सोसायटी परत निराळी. एकीचा मेंबर झालात म्हणजे दुसरीचे आपोआप झालात असं नाही, प्रत्येकीचा फॉर्म आणि फी वेगळी. बहुतेक जण एआयओएससाठी येतात कारण कॉन्फरन्सला पेपर किंवा पोस्टर पाठवताना मेंबरशिप नंबर मागतात, आणि आयजेओ (इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी) हे जर्नल पण त्यांचंच आहे.

आता मुद्द्याचं. फॉर्मवर दोन जुन्या मेंबरच्या सह्या लागतात, प्रपोजर (नाव सुचवणारा) आणि सेकंडर (अनुमोदन देणारा), त्यांच्या मेंबरशिप नंबरसकट. तर होतं काय, डॉक्टर वेबसाइटवरून फॉर्म काढतात, हाताला येईल तसं नाव लिहितात, एचओडींना (विभागप्रमुखांना) ओपीडी संपल्यावर गाठून सही घेतात, दुसऱ्या सरांसाठी दोन दिवस थांबतात, आणि मग सगळं घेऊन आमच्याकडे स्कॅनिंगला येतात. आम्ही कागद शेजारी-शेजारी ठेवतो आणि तिथंच कळतं की फॉर्मवरचं नाव एक, एमबीबीएसच्या डिग्रीवरचं दुसरं आणि मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवरचं तिसरं. मग नवा फॉर्म, आणि परत दोन्ही सह्या. तोवर एक सर कॅम्पला गेलेले असतात.

आपल्याकडे हे जास्त होतं याचं कारण आपली नाव लिहायची पद्धत. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटं. फॉर्मवर फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून एकाच ओळीत. वडिलांच्या नावापुढचा 'राव' डिग्रीवर असतो आणि आधारवर गायब असतो. दीपाली कुठं डबल ईनं तर कुठं आयनं. एवढ्याशा फरकानं काय होतंय असं तुम्हाला वाटेल, पण समोर तपासणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यापुढं फक्त कागद असतात.

सगळ्यात जास्त त्रास मॅडम लोकांना होतो आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण चूक त्यांची काहीच नसते. समजा एमबीबीएस झालं तेव्हा माहेरचं नाव होतं, त्याच नावानं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, मग लग्न झालं, आधार आणि पॅन बदललं, एमएसची डिग्री मात्र जुन्याच नावानं आली. फॉर्म भरताना हात सवयीनं नवीन नाव लिहितो. नुसतं आडनाव नाही, मधलं नावही बदललेलं असतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द वेगळे. अशा एका मॅडमचा फॉर्म एका सोसायटीकडून परत आला होता, त्यांनी तो बाहेर भरून थेट पाठवलेला, आणि त्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे पेपरचा सारांश पाठवायची तारीख निघून गेली. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा डोळ्यात पाणी होतं. तेव्हापासून आम्ही नावं जुळवल्याशिवाय स्कॅनर सुरू करत नाही.

आमचा सल्ला असा की फॉर्मवर तेच नाव लिहा जे आज कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर आहे, स्पेलिंगसकट. आधारवरचं नाही आणि सगळे हाक मारतात तेही नाही. नवीन नावानंच मेंबरशिप हवी असेल तर आधी कौन्सिलमध्ये नाव बदलून घ्या आणि मग सोसायटीकडे जा. लग्नानंतरच्या नावासाठी मॅरेज सर्टिफिकेट जवळ ठेवाच, गॅझेट झालेलं असेल तर सोन्याहून पिवळं. आणि ज्यांचे पेपर माहेरच्या नावानं छापून आलेत त्यांनी जरा शांतपणे विचार करा, कौन्सिलला जुनंच नाव ठेवून प्रॅक्टिस करणाऱ्या कितीतरी मॅडम आमच्याकडे येतात आणि त्यांचं काही अडत नाही.

दुसरी गोष्ट कौन्सिलचीच. एमबीबीएसचं रजिस्ट्रेशन आणलं म्हणजे झालं असं नाही, पुढचं जे शिक्षण झालं असेल, एमएस, डीएनबी किंवा डीओ, ते त्यावर चढवून घ्यावं लागतं, त्याला अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणतात. नंबर तोच राहतो पण सर्टिफिकेट वेगळं येतं, आणि तुम्ही डोळ्यांचे स्पेशालिस्ट आहात हे कौन्सिलच्या बाजूनं तोच कागद सांगतो. रजिस्ट्रेशनची पाच वर्षांची मुदत संपलेली नाही ना तेही बघा. सीपीएसचा (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा) डिप्लोमा असेल तर पैसे भरायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसला फोन करून विचारा.

सरांचा मेंबरशिप नंबर सही घेतानाच लिहून घ्या. खूप सरांना तो पाठ नसतो, मग केबिनमधल्या सर्टिफिकेटवर बघावा लागतो, आणि नंतर फोन करून विचारायला तुम्हालाच संकोच वाटतो.

आता काही जण विचारतात की शेजारच्या दुकानात लगेच स्कॅन करून देतात, तुम्ही एक दिवस का लावता आणि ओरिजिनल का मागता. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून शिक्का वाचता येत नाही म्हणून ओरिजिनल, आणि ती तुमच्यासमोर स्कॅन करून तिथल्या तिथं परत देतो. एक दिवस यासाठी की संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर दुसरा माणूस पुन्हा सगळी नावं ताडून बघतो. पहिल्यानं भरलेलं त्यालाच तपासायला दिलं तर चूक दिसत नाही हे आम्ही अनुभवानं शिकलोय. याचे २५० रुपये घेतो, त्यात फोटो आणि सही पाहिजे त्या केबीमध्ये करून देणं आलं, पीडीएफ एकत्र करणं आलं आणि एक सेट फाइलला लावून देणं पण आलं. सोसायटीची फी तुमच्याच फोनवरून तुम्हीच भरायची, आम्ही ओटीपी किंवा पासवर्ड घेत नाही. आणि प्रपोजर मिळवून द्या असं कृपया म्हणू नका, कितीही पैसे दिले तरी आम्ही ते करत नाही, तुम्हाला ओळखणाऱ्या माणसानंच ती सही करायला हवी.

डिग्री लॅमिनेट करू नका!! लॅमिनेशन आम्हीच करतो तरी सांगतोय. स्कॅन करताना चमक येते, आणि पुढंमागं परदेशात फेलोशिपला जायचं ठरलं तर अपोस्टिलसाठी (परदेशात कागद चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी) लॅमिनेट केलेला कागद चालत नाही. डिग्रीला प्लास्टिकचं फोल्डर पुरतं, ते ४० रुपयाला काउंटरवर आहे.

फॉर्म गेल्यावर रोज स्टेटस विचारायला येऊ नका, आमच्या हातात काही नसतं. एआयओएसमध्ये नवीन मेंबरचं नाव जनरल बॉडीपुढं (सर्वसाधारण सभेपुढं) मंजूर व्हावं लागतं, तेव्हा वेळ धरून चला आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या शेवटच्या आठवड्यात धावत येण्यापेक्षा रिझल्ट लागून कौन्सिलचं काम झालं की लगेच या. अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशनची फाइल आणि कॉन्फरन्सच्या पोस्टरची प्रिंट पण इथंच होते.

येताना फॉर्म कोरा आणा, सह्या नंतर घ्या. सोबत दहावीचं सर्टिफिकेट, दोन्ही डिग्र्या, कौन्सिलचे दोन्ही कागद, आधार, आणि नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा. रविवारी दुपारी दोनपर्यंत दुकान चालू असतं, ड्युटीवाल्यांसाठीच तसं ठेवलंय.