आमंत्रक उडी (ब्रिज)

ब्रिज या चौघांच्या, दोन-दोन भिडूंच्या पत्त्यांच्या खेळात भिडूने १ बदाम किंवा १ इस्पिक अशी बोली (सहाहून किती जास्त हात कोणत्या हुकमावर करणार, याचा दावा) उघडल्यावर मधली २ ची पायरी गाळून त्याच रंगात थेट ३ म्हणणे, म्हणजे आमंत्रक उडी. तिचा अर्थ असा : तुझ्या रंगाची किमान चार पाने माझ्याकडे आहेत, गुण १० ते १२, पाने बरी असतील तर ४ म्हण, नाहीतर पास कर. (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे गुण मोजतात.) बदाम-इस्पिकात गेमसाठी, म्हणजे मोठे बक्षीस मिळवून देणाऱ्या बोलीसाठी, ४ ची बोली, म्हणजे दहा हात लागतात.

सोलापुरात मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला हुकूम आणि भिडू नवे नसतात. नवी असते ती बोली. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे चौघे एका टेबलावर बसले तरी इथे शब्द पंधराच : १ ते ७ आकडे, चार रंग, नोट्रम्प (हुकूम नसलेला खेळ), पास, डबल (प्रतिस्पर्ध्याच्या बोलीचे गुण वाढवणारी हाक), रिडबल (त्यावर आणखी वाढ). खाणाखुणा किंवा आवाजातला चढउतार चालत नाही. म्हणून एकाच बोलीत रंग, ताकद आणि मर्यादा सांगणारी ही उडी नवख्यांनी सर्वांत आधी पक्की करावी.

समजा, १ इस्पिकला उत्तर देणाऱ्याकडे इस्पिक राणी-१०-७-३, बदाम ८-५, चौकट एक्का-गुलाम-६-४, किलवर राजा-९-२ आहे. तो ३ इस्पिक म्हणतो. आता ओपनरकडे (बोली उघडणाऱ्याकडे) इस्पिक एक्का-राजा-८-५-२, बदाम राणी-७-३, चौकट राजा-५, किलवर ८-४-३ असेल, तर त्याने पास करावे. पण तीच इस्पिकची पाने, बदाम एक्का-७-४-३, चौकट एकटी ८, किलवर राणी-६-४ असेल, तर गुण एकच जास्त असूनही ४ म्हणावे. चौकटीत एकही हात जात नाही, बदामाची हलकी पाने समोर हुकमाने कापता येतात, आणि दहा हात दिसू लागतात. नुसते गुण मोजणारा इथे चुकतो. शेवटचा निर्णय ओपनरचा असतो. उत्तर देणाऱ्याने आपले सगळे सांगून झालेले असते, त्यामुळे ओपनरच्या पासनंतर त्याने पुन्हा बोलू नये.

व्हल्नरेबल असताना (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असतात तेव्हा) गेम जमल्यास ६२०, ३ वर थांबून दहा हात केल्यास १७०. गेम एका हाताने बुडाला तर उणे १००, तेच ३ वर थांबून नऊ हात केले तर १४०. कमावायचे ४५०, गमवायचे २४०. म्हणून संघांच्या सामन्यात अशा वेळी आमंत्रण थोडे धीटपणे स्वीकारतात.

हा अर्थ सार्वत्रिक नाही. इंग्लंडच्या अकॉल या बोलीपद्धतीत ही उडी आमंत्रकच असते. ब्रिजतज्ज्ञ चार्ल्स गोरेनच्या जुन्या अमेरिकन पद्धतीत मात्र ती गेमपर्यंत नेणारी सक्ती होती. अमेरिकन खेळाडू मार्टी बर्गनच्या पद्धतीत चार पानांचे आमंत्रण ३ चौकटने देतात, ३ किलवर त्याहून दुबळी पाने दाखवते आणि ३ इस्पिक केवळ अडथळा ठरते. काही जोड्या १ इस्पिकवर ३ किलवर म्हणजे सहा किलवरांचे आमंत्रण मानतात. यांतले काय खेळायचे ते भिडूशी आधी ठरवावे आणि प्रतिस्पर्ध्यांनी विचारल्यास सांगावे.

मधल्या प्रतिस्पर्ध्याने डबल केल्यास अनेक जोड्या आमंत्रणासाठी २ नोट्रम्प वापरतात; तेव्हा ३ ची उडी दुबळी ठरते.